हृदयाच्या पेशीची हातातली शिल्लक

मागच्या पाठात आपण रक्तातलं लोह पाहिलं. या वेळी अशा एका क्षाराबद्दल बोलू, ज्याचं नाव आपण खताच्या दुकानात जास्त ऐकतो आणि दवाखान्यात कमी. मॅग्नेशियम. हा पाठ लिहायला घरातलीच एक गोष्ट कारण झाली, तीच आधी सांगते.

माझ्या सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास. पायावर सूज येते म्हणून लघवीची गोळी दोन-अडीच वर्षं चालू. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाहून आल्या आणि चार दिवस जुलाब. मीठ-साखरेचं पाणी दिलं, जुलाब थांबले. पण पाचव्या दिवशी पोटऱ्यांत गोळे यायला लागले आणि रात्री म्हणाल्या, "अगं, छातीत चिमणी अडकल्यागत फडफडतंय." तालुक्याला नेलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं. पोटॅशियम कमी निघालं. ते सलाईनमधून दिलं. दुसऱ्या दिवशी तपासलं तर पुन्हा कमी. पुन्हा दिलं. तिसऱ्या दिवशी तेच. आम्ही आपल्या बाटल्या मोजत बसलेलो, आणि मनातल्या मनात बिलही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळी बदलली, दुसऱ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी कागद चाळले आणि एकच विचारलं, "यांचं मॅग्नेशियम कोणी बघितलंय का?"

कोणी बघितलं नव्हतं. तपासलं तर तेही कमी. ते दिलं, आणि मग दिलेलं पोटॅशियम अंगात टिकायला लागलं. फडफड थांबली.

मला राहवेना. कमी होतं पोटॅशियम, मग ते भरून यायला मॅग्नेशियम का लागावं? डॉक्टरबाईंनी उभ्या उभ्या थोडं सांगितलं, बाकी मी नंतर वाचून, विचारून समजून घेतलं. उत्तर हृदयाच्या पेशीत आहे. पण तिथे जायच्या आधी जरा कपाशीच्या शेतात जाऊन येऊ.

लाल्या आपल्यापैकी किती जणींनी पाहिलाय? बोंडं भरायच्या वेळेला पानं लाल पडतात, शिरा मात्र बराच काळ हिरव्या राहतात. लाल्याची कारणं अनेक, पण त्यातलं एक मोठं कारण मॅग्नेशियम कमी पडणं. म्हणून तर मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी सांगतात. पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्याचा, त्याच्या प्रत्येक कणाच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. तो नसेल तर हिरवेपण नाही आणि पानाला अन्नही तयार करता येत नाही. आणि बघा, लाल्या आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसतो. कारण झाड जुन्या पानातलं मॅग्नेशियम काढून शेंड्याच्या नव्या पानाला देतं. म्हणजे झाडालाही हिशेब कळतो. कुठून काढायचं, कुठे द्यायचं.

आपल्या शरीराचाही असाच हिशेब आहे. मोठ्या माणसाच्या अंगात मिळून साधारण 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत. ती आपली मुदत ठेव समजा. उरलेलं बहुतेक मांसात आणि बाकीच्या अवयवांत, म्हणजे चालू व्यवहारात. आणि रक्ताच्या पाण्यात किती? एक टक्क्याहूनही कमी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता हृदय. ते दिवसाला साधारण एक लाख वेळा आकसतं आणि सैल होतं. हे काम करतात त्याच्या लांबुळक्या पेशी, एकेकीची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. प्रत्येक ठोक्याला ताकद लागते आणि ती ताकद येते एटीपी नावाच्या इंधनातून. एटीपी तुम्ही आरोग्याच्या पुस्तकात वाचलं असेल. पण पुस्तकात बहुतेक वेळा एक गोष्ट राहून जाते. एटीपी एकटं काही कामाचं नाही. त्याला मॅग्नेशियम चिकटलेलं असेल तरच पेशीतली यंत्रं त्याला ओळखतात. पावती आहे पण अध्यक्ष-सचिवांची सही नाही, तर बँक पैसे देते का? तसंच. सही मॅग्नेशियमची.

म्हणून हृदयाच्या पेशीत मॅग्नेशियम भरपूर असतं, पण त्यातलं बहुतेक गुंतलेलं असतं. काही एटीपीला चिकटलेलं, काही प्रथिनांना, काही पेशीच्या ऊर्जाघरांत साठवलेलं. मोकळं फिरणारं मॅग्नेशियम एकूणापैकी जेमतेम वीसात एक हिस्सा. आपल्या गटाचंच घ्या ना. गटाचा निधी दोन लाख आहे म्हणून पेटीत दोन लाख नसतात. बहुतेक पैसा अंतर्गत कर्जात फिरत असतो, पेटीत असते ती हातातली शिल्लक. आणि बैठकीत अडलीनडली बाई आली तर उपयोगाची असते ती तीच शिल्लक. पेशीचंही लक्ष सगळं त्या मोकळ्या मॅग्नेशियमवर असतं. ते जास्त होऊ द्यायचं नाही, कमीही होऊ द्यायचं नाही.

गंमत अशी की पेशीची पहिली अडचण मॅग्नेशियम मिळवण्याची नाही, ते बाहेर काढण्याची आहे. हे मला वाचून खरं वाटलं नव्हतं. कारण असं की, दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात हृदयाच्या पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण विजेची असते. मॅग्नेशियमवर दोन धन भार असतात. ऋण धनाला ओढतं. त्यामुळे दार उघडं टाकलं आणि पेशी गप्प बसली, तर बाहेरच्या शेकडो पट मॅग्नेशियम आत जमा होईल. पण मोजलं तर आतलं मोकळं मॅग्नेशियम बाहेरच्या मोकळ्या मॅग्नेशियमच्या जवळपास तेवढंच असतं. म्हणजे पेशी ते सतत उपसून बाहेर काढतेय. पावसाळ्यात गळक्या घरातून बाई परातीने पाणी काढते तसं.

हे उपसण्यासाठी ती काय वापरते? सोडियम. मिठातलं सोडियम. पेशीच्या बाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहा पटीहून जास्त असतं, त्यामुळे त्याला आत घुसायची घाई असते. ज्यांच्या माहेरी मोट होती त्यांना हे लगेच कळेल. बैल धावेवरून उताराला खाली चालतात आणि त्यांच्या त्या उतरण्याच्या जोरावर विहिरीतली मोट वर येते. इथे सोडियम उताराने आत येतं आणि त्याच्या जोरावर मॅग्नेशियम चढाने बाहेर जातं. दोन्ही एकाच दोराला बांधलेले.

पण बैल खाली गेले की त्यांना मागे मागे परत वर आणावं लागतं, नाहीतर दुसरी मोट कशी निघणार? सोडियमला परत बाहेर नेऊन सोडायचं काम करणारा एक पंप प्रत्येक पेशीच्या भिंतीत असतो. तो एका फेरीत तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. 1957 साली डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करताना तो ओळखला आणि चाळीस वर्षांनी, 1997 मध्ये, त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. खेकड्याच्या नांगीत जीव अडकलेला संशोधक, असं मी आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. पण स्कौ यांना तेव्हाच आणखी एक दिसलं होतं. हा पंप मॅग्नेशियमशिवाय चालत नाही. कारण तो एटीपीवर चालतो, आणि सही मॅग्नेशियमची.

इथे सासूबाईंच्या पोटॅशियमचा धागा लागतो. अंगातलं मॅग्नेशियम फार कमी झालं की पंप मंदावतो. पंप मंदावला की पोटॅशियम आत यायचं कमी होतं. एवढ्यावर भागत नाही. पेशीच्या भिंतीत पोटॅशियम बाहेर जायच्या वाटा असतात, आणि त्यातल्या काही वाटांच्या तोंडाशी आतून मॅग्नेशियम बुचासारखं बसलेलं असतं. हृदयाच्या पेशीत हे बूच 1987 मध्ये दाखवून दिलं गेलं. बूच सैल झालं की पोटॅशियम गळतं. मूत्रपिंडातही असंच बूच आहे. तिथे ते निघालं की पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं. म्हणजे सासूबाईंच्या शिरेतून पोटॅशियम जात होतं आणि लघवीतून निघून जात होतं. तळाला भोक पडलेल्या माठात तीन दिवस आम्ही पाणी ओतत होतो. आधी भोक बुजवायला हवं होतं. त्या आधीच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, गर्दी किती होती ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण हे ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी मी विचारलं असतं.

बाहेर काढायची वाट झाली. आत घ्यायची वाट वेगळी. त्यातल्या एका दाराला शास्त्रज्ञ टीआरपीएम-सात म्हणतात, ते 2001 मध्ये ओळखलं गेलं. नाव अवघड आहे, सोडून द्या. त्याची सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. आत मोकळं मॅग्नेशियम पुरेसं असलं की ते मॅग्नेशियमच या दाराला आतून कडी घालतं. कमी झालं की कडी सैल होते, दार किलकिलं होतं आणि बाहेरचं आत येतं. राखणदार वेगळा ठेवावा लागत नाही. ज्याची राखण करायची तेच राखण करतं.

हे सगळं सावकाश चालतं. कॅल्शियमशी तुलना केली तर फरक कळतो. प्रत्येक ठोक्याला पेशीतलं मोकळं कॅल्शियम साधारण दहा पट वाढतं आणि पुन्हा उतरतं, तेही सेकंदाच्या आत. मॅग्नेशियम मात्र ठोक्यागणिक हलत नाही. त्याचा बदल व्हायला तास लागतात. कॅल्शियम म्हणजे पेशीला हाक मारणारं पोर, मॅग्नेशियम म्हणजे ओट्यावर बसलेली आजी. पण आजी बसलेली असते म्हणून पोरं आवरतात. मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटांवर दाब ठेवतं, कॅल्शियमला जरुरीपेक्षा जास्त आत येऊ देत नाही. ती आजी उठून गेली की ठोक्यांची लय बिघडू शकते. विशिष्ट प्रकारची एक घातक धडधड सुरू झाली तर दवाखान्यात शिरेतून मॅग्नेशियमच देतात, ते यासाठीच.

आता हातातल्या शिल्लकेला धक्का कधी बसतो ते बघू. एक म्हणजे ताण. भीती, राग, धावपळ झाली की अंगात ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्यं सुटतात. 1990 मध्ये अमेरिकेतल्या आंद्रेया रोमानी आणि अँटोनिओ स्कार्पा या दोघांनी उंदराच्या हृदयावर आणि त्याच्या सुट्या पेशींवर हे करून पाहिलं. त्या जातीचं द्रव्य सोडलं की हृदयाच्या पेशी बरंच मॅग्नेशियम बाहेर टाकतात. दुसऱ्या काही द्रव्यांनी उलट होतं, पेशी ते आत घेतात. म्हणजे वरून निरोप आला की पेशी आपली शिल्लक हलवते. यावरून "ताण आला की मॅग्नेशियमची गोळी खा" असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो अर्थ यातून निघत नाही.

दुसरा धक्का हृदयाला रक्त कमी पडलं की बसतो. तेव्हा एटीपी खर्ची पडतं आणि नवं तयार होत नाही. एटीपी तुटलं की त्याला चिकटलेलं मॅग्नेशियम सुटतं आणि आत मोकळं मॅग्नेशियम वाढतं. दिसायला शिल्लक वाढली, पण ती कशाने? धंदा बंद पडला आणि भांडवल पेटीत येऊन पडलं म्हणून. आपल्या गटातही एखाद्या महिन्यात पेटी भरलेली दिसते तेव्हा आपण विचारतोच ना, कर्ज कोणी का उचललं नाही?

तुम्ही विचाराल, एवढ्याशा पेशीतलं मोकळं मॅग्नेशियम मोजलं तरी कसं? एक खास रंग असतो. पेशीत सोडला की मॅग्नेशियम चिकटल्यावर त्याची चमक बदलते. सूक्ष्मदर्शकाखाली ती चमक मोजून हिशेब काढतात. दवाखान्यात मात्र हे होत नाही. तिथे तपासतात रक्त. आणि रक्तात तर एक टक्काही नाही, हे आपण वर पाहिलं. म्हणून रक्तातलं मॅग्नेशियम कमी आलं तर ते खरंच कमी आहे, पण ठीक आलं म्हणून पेशीतलं ठीकच असेल असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पासबुकात हजार रुपये दिसले म्हणून घरात दाणागोटा आहेच असं नसतं. डॉक्टर म्हणून तर औषधं कोणती चालू आहेत, जुलाब किती दिवस झाले, हे विचारतात. ते नीट सांगणं आपल्या हातात आहे.

कोणाचं कमी होण्याची शक्यता जास्त? बरेच दिवस जुलाब किंवा उलट्या झालेल्यांचं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचं. साखर आटोक्यात नसलेल्या मधुमेहींचं, कारण साखर लघवीत जाताना मॅग्नेशियम सोबत नेते. रोज दारू पिणाऱ्यांचं. आणि वर्षानुवर्षं रिकाम्या पोटी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांचं. ही शेवटची मंडळी गावोगाव आहेत. दुकानातून पाकीट आणायचं, रोज एक, कोणी विचारत नाही. ॲसिडिटीच्या काही गोळ्या वर्षभराहून जास्त घेतल्या तर मॅग्नेशियम घसरू शकतं, अशी सूचना अमेरिकेच्या औषध खात्याने 2011 मध्येच दिलेली आहे. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण ती किती वर्षं चालू आहे ते डॉक्टरांना सांगा. आम्ही आता सासूबाईंच्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं एका डब्यात ठेवतो आणि दवाखान्यात जाताना डबाच नेतो.

ताटातलं मॅग्नेशियम आपल्याकडे महाग नाही. बाईला दिवसाला साधारण तीनशे ते पावणेचारशे मिलिग्रॅम लागतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, न चाळलेलं गव्हाचं पीठ, यांच्या शंभर ग्रॅममध्ये सव्वाशे ते दीडशेच्या आसपास मिळतं. पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळात शंभर ग्रॅमला वीसच्या आसपास. कोंडा गेला की मॅग्नेशियम गेलं. तीळ, शेंगदाणे, कारळे, डाळी, हिरव्या पालेभाज्या यांतही चांगलं असतं. पालेभाजी हिरवी दिसते ती मॅग्नेशियममुळेच, हे कपाशीच्या पानावरून कळलंच असेल. भाजी उकडून पाणी फेकू नका, बरंचसं त्या पाण्यात उतरतं. ते आमटीत घाला. भाकरी सोडून दोन्ही वेळा भातावर आलेली घरं आता खूप झाली आहेत. भाकरी थापायला वेळ जातो, मान्य आहे. पण वेळ वाचतो तिथे काय जातं, तेही बघायला हवं.

एक धोक्याची बाजू. ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत त्यांच्या अंगातून जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर पडत नाही, ते साठतं. साठलं तर रक्तदाब पडतो, ठोके मंदावतात, श्वासही मंदावतो. म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या किंवा पोट साफ करणारी मॅग्नेशियमची औषधं अशा माणसाने विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि खताच्या दुकानातलं मॅग्नेशियम सल्फेट हे पिकासाठी आहे. एका बैठकीत एका ताईने विचारलं होतं, "एकच नाव आहे तर चिमूटभर घेतलं तर काय होतं?" नको. ते खाण्यासाठी शुद्ध केलेलं नसतं.

हेच मॅग्नेशियम सल्फेट, शुद्ध आणि निर्जंतुक केलेलं, इंजेक्शनच्या रूपात बाळंतपणात जीव वाचवतं. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, त्यावर हे मुख्य औषध आहे. 2002 मध्ये 33 देशांतल्या सुमारे दहा हजार बायांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की ते दिल्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरना पहिला डोस देऊन पुढे पाठवण्याचं प्रशिक्षण असतं. म्हणून गरोदर बाईचं डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे येतात, हातावर-तोंडावर सूज आहे असं दिसलं तर आशाताईंना लगेच बोलवा, "दिवस भरत आलेत, होतं असं" म्हणत थांबू नका. औषध दिल्यावर सिस्टर गुडघ्यावर हातोडीने ठोकून बघतात, श्वास मोजतात, लघवी किती झाली विचारतात. नातेवाईक कधी चिडतात, की हे काय चाललंय. मॅग्नेशियम जास्त तर झालं नाही ना, ते बघणं चाललेलं असतं. जास्त झालंच तर उतारा म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन तयार ठेवलेलं असतं. आजी आणि पोर, आठवतंय ना?

सासूबाई आता बऱ्या आहेत. लघवीची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. सकाळी बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी खातात. परवा कपाशीत फवारणी चालू होती, बांधावर बसून मला म्हणाल्या, "म्हणजे मला लाल्या झाला होता म्हण की."